योरिस हूफनागल : प्रार्थनाग्रंथाच्या समासातील पाखरे

छापखाने सर्वत्र पसरण्यापूर्वी युरोपातील श्रीमंत भाविकांची प्रार्थनापुस्तके हाताने लिहिली जात आणि हातानेच रंगविली जात. फ्लँडर्समधील गेंट आणि ब्रुज ही दोन शहरे या कामासाठी विशेष नावाजलेली होती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तेथील चित्रकारांनी एक नवी रीत पाडली. पानाच्या मध्यभागी प्रार्थनेचे शब्द आणि चारही बाजूंच्या सोनेरी समासांत विखुरलेली फुले, स्ट्रॉबेरी, गोगलगायी, फुलपाखरे आणि पाखरे. त्यांच्या बारीक सावल्याही रंगविलेल्या असत, त्यामुळे एखादे फुलपाखरू खिडकीतून येऊन नुकतेच पानावर टेकले आहे असा भास होई. भाविकाने स्तोत्र म्हणावे आणि त्याची नजर क्षणभर समासातील पाखरावर रेंगाळावी, अशी ती रचना होती. या परंपरेचा शेवटचा मोठा मानकरी सिमोन बेनिंग इ. स. १५६१ मध्ये ब्रुज येथे मरण पावला. तोवर छापील पुस्तकांनी हस्तलिखितांचा बाजार जवळजवळ उठविला होता.

समासातील त्या पाखरांना पुढे ज्याने पानाच्या मध्यभागी आणून बसविले, त्या योरिस हूफनागल या चित्रकाराची जीवनकथा आम्ही येथे सांगत आहोत. फ्लेमिश कला म्हटली की आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर रूबेन्स येतो, फार तर व्हॅन डाइक. हूफनागलचे नाव आपल्याकडे क्वचितच ऐकू येते. त्याची चित्रे तळहाताएवढी, ती पुस्तकांत मिटलेली आणि ती पुस्तके राजेरजवाड्यांच्या कपाटांत बंद, हे त्याचे एक कारण असावे.

योरिसचा जन्म इ. स. १५४२ मध्ये अँटवर्प येथे झाला. त्या काळी उत्तर युरोपचा सारा व्यापार या बंदरातून चाले. पोर्तुगीजांनी भारतातून नेलेली मिरी येथे विकली जाई आणि हिरेमाणकांचे सौदेही येथेच होत. योरिसचे वडील याकोब हिऱ्यांचे आणि किमती वस्तूंचे व्यापारी होते, तर आईचे वडील अँटवर्पच्या टांकसाळीचे प्रमुख होते. अशा घरातील मुलाने हिऱ्याचे पाणी ओळखावयास शिकावे, पेढीवर बसावे आणि परदेशी जाऊन सौदे करावेत, हेच अपेक्षित होते.

त्याचा पहिला चरित्रकार कारेल फान मांडर याने इ. स. १६०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याच्या बालपणाची हकिकत दिली आहे. शाळेत चित्रे काढतो म्हणून गुरुजींनी कागद काढून घेतला, तर हा मुलगा जमिनीवरच्या धुळीत बोटाने आकृत्या काढी. घरी माळ्यावर लपून खडूने चित्रे काढी. एकदा त्याने एका हाताने आपल्या दुसऱ्या हाताचे चित्र काढले. घरी उतरलेल्या सव्हॉयच्या ड्यूकच्या वकिलाने ते पाहिले आणि मुलाला मोकळीक द्यावी म्हणून वडिलांकडे रदबदली केली. चित्रकारांच्या चरित्रांत अशा कथा पुष्कळ असतात. त्यांवर कितपत विसंबावे हा प्रश्नच आहे. तरीही घरचा विरोध आणि मुलाची ओढ यांचा झगडा खरा असावा, असे त्याच्या पुढील आयुष्यावरून वाटते. कारण पस्तिशीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत तो व्यापारीच राहिला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्याला फारसे मिळाले नाही. हान्स बोल या निसर्गचित्रकाराकडून तो काही शिकला, एवढेच फान मांडर सांगतो.

मात्र व्यापाराने त्याला जग दाखविले. विशीत तो फ्रान्सला गेला. त्यानंतर इ. स. १५६३ ते १५६७ अशी सुमारे चार वर्षे तो स्पेनमध्ये होता आणि १५६८-६९ मध्ये इंग्लंडला जाऊन आला. जेथे जाई तेथे वही त्याच्याबरोबर असे. सेव्हिल, ग्रनाडा, कादिस या शहरांची त्याने काढलेली दृश्ये पुढे 'सिव्हितातेस ऑर्बिस तेरारुम' या जगातील नगरांच्या भव्य चित्रसंग्रहात छापली गेली. कोलोन येथील धर्मगुरू गेओर्ग ब्राउन याने हा संग्रह संपादित केला होता आणि फ्रान्स होगनबर्ग याने त्यातील बहुतेक ताम्रपट कोरले होते. इ. स. १५७२ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्याच खंडात आपल्या गोव्याचे आणि दीवचेही दृश्य आहे. ती चित्रे हूफनागलची नव्हेत, तो भारतात कधीच आला नाही. पण ज्या ग्रंथमालेत त्याने आपली साठाहून अधिक नगरदृश्ये दिली, त्याच ग्रंथमालेच्या पानांत मांडवीकाठची ही नगरीही आहे, हे आमच्या वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल.

या काळात त्याचा देश मात्र पेटत होता. इ. स. १५६६ च्या ऑगस्टमध्ये कॅल्विनपंथी जमावाने अँटवर्पच्या कॅथिड्रलमध्ये घुसून मूर्ती आणि वेद्या फोडल्या. बंड मोडून काढण्यासाठी स्पेनचे राजे दुसरे फिलिप यांनी पाठविलेले सैन्य पुढील वर्षी देशात उतरले. फाशी, जप्ती आणि देशांतर यांचे सत्र सुरू झाले. या धामधुमीतच योरिसने इ. स. १५७१ मध्ये सुसाना फान ओन्खम हिच्याशी विवाह केला. दोन वर्षांनी मुलगा झाला आणि आजोबांवरून त्याचे नाव याकोब ठेवले.

दिनांक ४ नोव्हेंबर १५७६ रोजी, पगार न मिळाल्याने बंड करून उठलेल्या स्पॅनिश सैनिकांनी अँटवर्प लुटले. तीन दिवस लूट चालली, नवे नगरभवन जळाले आणि हजारो माणसे मेली. हूफनागल कुटुंबाने आपले जवाहीर विहिरीत लपविले होते. फान मांडर म्हणतो की सैनिकांनी तेही शोधून काढले. पिढ्यांनी जमविलेली संपत्ती अशी एका आठवड्यात गेली. हे सैनिक कॅथलिक राजाचे होते आणि लुटलेल्यांत कॅथलिक घरेही होती, हे येथे स्पष्ट लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

व्यापार संपला तेव्हा योरिस चौतीस वर्षांचा होता. एरवी छंद म्हणून सांभाळलेली कलाच आता भाकर देणार होती. पुढील वर्षी, इ. स. १५७७ मध्ये, तो आपला मित्र अब्राहम ऑर्टेलियस याच्यासोबत दक्षिणेकडे निघाला. ऑर्टेलियस म्हणजे जगाचा पहिला आधुनिक नकाशासंग्रह इ. स. १५७० मध्ये प्रसिद्ध करणारा विद्वान. प्रवासात ऑग्सबुर्ग लागले, मग म्युनिक. तेथे बव्हेरियाचे ड्यूक पाचवे आल्ब्रेख्त यांनी या पाहुण्याजवळचे एक लहानसे चित्र पाहिले. त्यात चर्मपत्रावर रंगविलेले प्राणी आणि झाडे होती. ड्यूकने किंमत विचारली. आजवर हिऱ्यांच्या किमती बेधडक सांगणाऱ्या या व्यापाऱ्याला स्वतःच्या चित्राची किंमत मात्र सांगवेना. तो संकोचाने गप्प राहिला. शेवटी ऑर्टेलियसनेच शंभर सुवर्णमुद्रांचा आकडा सांगितला आणि ड्यूकने तो मान्य केला. आम्हांला ही हकिकत फार आवडते. मित्राची किंमत मित्रानेच ओळखावी, हे नेहमीच घडत नाही.

दोघे पुढे व्हेनिसला आणि रोमला गेले. त्यांच्या वाटेवरची काही दृश्ये नंतर नगरसंग्रहात छापली गेली आणि त्यांतील कोपऱ्यांत हे दोन मित्र हिंडताना दिसतात. रोममध्ये कार्डिनल आलेस्सांद्रो फार्नेझे यांच्या पदरी असलेला ज्युलिओ क्लोव्हिओ हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ सूक्ष्मचित्रकार इ. स. १५७८ च्या आरंभी वारला होता. कार्डिनलनी ती जागा हूफनागलला देऊ केली. कोणताही चित्रकार तिच्यासाठी धावला असता. हूफनागलने मात्र बव्हेरियाच्या ड्यूकला शब्द दिला होता. त्याने नम्रपणे नकार दिला आणि तो म्युनिकला परतला.

त्याच्या ज्या ग्रंथासाठी आम्ही ही कथा सांगावयास घेतली, तो बहुधा अँटवर्प सोडण्याच्या सुमारासच सुरू झाला असावा. 'चार महाभूते' असे त्याचे नाव आहे. आपण पाच महाभूते मानतो. ग्रीक परंपरा मात्र आकाश सोडून चारच मानते. त्यानुसार सर्व जीवसृष्टी चार खंडांत विभागली आहे : अग्नीत कीटक, पृथ्वीत चतुष्पाद आणि सरपटणारे प्राणी, जलात मासे आणि शिंपले, आणि वायूत पक्षी. चारही खंड मिळून सुमारे तीनशे चर्मपत्रे आहेत आणि त्यांवर तेराशेहून अधिक जीव रंगविलेले आहेत. पान अगदी लहान, सुमारे १४ सेंटिमीटर उंच आणि १८ सेंटिमीटर रुंद. प्रत्येक पानावर सोन्याच्या रेषेने आखलेले लंबवर्तुळ आणि त्यात ते प्राणी. चित्राच्या वर-खाली आणि समोरच्या पानावर लॅटिन वचने लिहिलेली आहेत. काही पवित्र शास्त्रातील, विशेषतः स्तोत्रांतील आहेत, तर काही इरॅस्मसने जमविलेल्या म्हणींतील.

वायुखंडात गरुड आहेत, घुबडे आहेत, पाणथळीतील लांब पायांचे पक्षी आणि बदके आहेत. पक्षी साधारणपणे अरुंद जमिनीवर किंवा पाण्याच्या काठाशी उभे आहेत. मागे क्षितिज आणि बरीचशी मोकळी हवा. रंग पाण्यात कालविलेले, कुंचला मोजक्या केसांचा. छातीची पिसे मऊ आणि एकात एक मिसळलेली, पंखांची पिसे मात्र सुटी, एकेक मोजता यावीत अशी. डोळ्यात पांढरा ठिपका पडला की पक्षी आपल्याकडे पाहू लागतो. सोनाराच्या आणि हिरेपारख्याच्या घरात वाढलेल्या माणसाचीच ही नजर आहे. भिंगाखाली हिऱ्यातील दोष शोधणारा डोळा येथे पिसाच्या कडेवरून फिरतो आहे.

हूफनागल मोठ्या अभिमानाने सांगे की निसर्ग हाच आपला एकमेव गुरू. या दाव्याकडे आम्ही थोडे सावधपणे पाहतो. त्याच्या प्राण्यांपैकी कितीतरी इतरांच्या चित्रांवरून घेतलेले आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. अँटवर्पमध्येच हान्स फरहागन नावाचा एक चित्रकार होता. तो मुका होता, म्हणून लोक त्याला मुका हान्स म्हणत. त्याने काढलेले पशुपक्षी हूफनागलने आपल्या ग्रंथात मुक्तपणे घेतले. झुरिकचे वैद्य कोनराड गेस्नर यांचा पक्ष्यांवरील खंड आणि फ्रान्समधील पिएर बेलाँ यांचे पक्ष्यांचे पुस्तक ही दोन्ही इ. स. १५५५ मध्येच निघाली होती आणि त्यांतील लाकडी ठशांची चित्रे सर्वांच्याच हाती होती. त्या काळी याला कोणी चोरी मानीत नसे. दूरदेशीचा पक्षी प्रत्यक्ष पाहावयास मिळणे दुर्लभ, मिळालाच तर बहुधा वाळलेली कातडी मिळे. तेव्हा एकाने पाहून काढावे आणि दहांनी त्यावरून शिकावे, हीच पद्धत होती. पण बिचाऱ्या मुक्या हान्सचे नाव कोणाला ठाऊक नाही आणि निसर्गाला गुरू म्हणविणारा हूफनागल सम्राटांच्या दरबारात पोहोचला, एवढी नोंद तरी आपण करावयास हवी.

पण जेथे त्याने स्वतः पाहिले, तेथे त्याची बरोबरी नाही. कीटकांच्या खंडात तर एका पानावर चतुरांची शरीरे रंगविलेली असून पंख मात्र खऱ्या चतुरांचे चिकटविलेले आहेत. निर्मात्याच्या कारागिरीपुढे कुंचला जेथे हरतो, तेथे त्याने कुंचला खाली ठेवला. याच खंडाच्या आरंभी पेद्रो गोन्सालेस आणि त्याची पत्नी यांचे चित्र आहे. तेनेरिफ बेटावर जन्मलेल्या पेद्रोच्या साऱ्या चेहऱ्यावर दाट केस होते. लहानपणीच त्याला फ्रान्सच्या राजदरबारात एक नवल म्हणून नेण्यात आले आणि तेथे त्याला शिक्षणही मिळाले. माणसाला कीटकांच्या पुस्तकात जागा मिळावी हे प्रथमदर्शनी क्रूर वाटते. परंतु हूफनागलने त्या चित्राजवळ ईयोबाच्या ग्रंथातील, स्त्रीपासून जन्मलेल्या अल्पायुषी आणि दुःखी मानवाविषयीचे वचन लिहिले आहे. ते वचन केवळ पेद्रोचे नाही, पुस्तक उघडणाऱ्या राजाचेही आहे.

म्युनिकमध्ये असतानाच त्याला आयुष्यातील सर्वांत मोठे धार्मिक काम मिळाले. इन्सब्रुकजवळील आम्ब्रास किल्ल्यात अद्भुत वस्तूंचा संग्रह करणारे टायरोलचे आर्चड्यूक फर्डिनांड यांनी त्याच्याकडून एक रोमन मिस्साग्रंथ रंगवून घेतला. इ. स. १५८१ पासून १५९० पर्यंत हे काम चालले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर पोप पाचवे पायस यांनी इ. स. १५७० मध्ये सुधारित मिस्साग्रंथ जाहीर केला होता आणि तो सर्वत्र छापील स्वरूपात वापरला जात होता. तरीही आर्चड्यूकने तो हाताने लिहून, रंगवून घेतला. मिस्साविधीच्या प्रार्थनांभोवती पुन्हा एकदा गेंट आणि ब्रुजची फुले, फळे, कीटक आणि पाखरे अवतरली. हा ग्रंथ आज व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

आणि येथेच या जीवनातील अवघड प्रसंग येतो. पवित्र मिस्साचा ग्रंथ जवळजवळ दहा वर्षे रंगविणाऱ्या या माणसाची स्वतःची श्रद्धा नेमकी कोणती होती ? त्याचे मित्र दोन्ही पंथांत होते. ऑर्टेलियससारख्यांच्या वर्तुळात बाह्य पंथभेदांपेक्षा अंतरीच्या शांतीला मोल होते. हूफनागलने आपले मन कोठे उघड केलेले दिसत नाही. परंतु इ. स. १५९१ मध्ये म्युनिकचे ड्यूक पाचवे विल्हेल्म यांनी दरबारातील सर्वांनी कॅथलिक श्रद्धेचा जाहीर अंगीकार करावा असा आग्रह धरला. विल्हेल्म अत्यंत धर्मनिष्ठ होते. येशूसंघीयांसाठी म्युनिकचे सेंट मायकल चर्च त्यांनीच बांधविले आणि इतिहासात ते 'धर्मशील' म्हणूनच ओळखले जातात. त्यांच्या दृष्टीने ही मागणी स्वाभाविक होती. हूफनागलने ती मानली नाही. खोटी शपथ घेऊन वेतन चालू ठेवणे त्याला सहज शक्य होते. तसे करणारे दरबारी तेव्हा कमी नव्हते. त्याने नोकरी सोडली आणि वयाच्या पन्नाशीला येऊन बिऱ्हाड पुन्हा गाडीवर चढविले. त्याच्या निर्णयाचा न्याय आम्ही करीत नाही. पण जो मनात नाही तो शब्द ओठांवर आणावयाचा नाही, ही त्याची सचोटी आम्हांस आदरणीय वाटते.

तो फ्रँकफुर्टला गेला. अँटवर्पहून परागंदा झालेल्या अनेकांनी तेथे घर केले होते आणि वनस्पतिशास्त्रज्ञ कारोलस क्लुसियस हाही त्या काळात तेथेच राहत होता. इ. स. १५९२ मध्ये हूफनागलचा मुलगा याकोब याच्या नावाने तेथे एक चित्रमाला छापली गेली. वडिलांच्या फुलांच्या, फळांच्या आणि कीटकांच्या चित्रांवरून कोरलेले तिचे ताम्रपट होते. बारा-बारा पानांचे चार भाग. आजवर राजांच्या कपाटात राहिलेली ही चित्रे आता बाजारात आली आणि युरोपभरच्या चित्रकारांनी व कारागिरांनी त्यांच्या नकला केल्या. त्याआधीच, इ. स. १५८० च्या सुमारास, अँटवर्पमध्ये आड्रियान कोलार्ट याने पक्ष्यांची एक छापील चित्रमाला काढली होती.

अँटवर्पचे छापील कागद किती दूर जात याचे एक उदाहरण आपल्याच भूमीतील आहे. नोव्हेंबर १५७९ मध्ये गोव्याहून निघालेले येशूसंघीय फादर रुडॉल्फ अक्वाव्हिवा आणि त्यांचे सहकारी पुढील वर्षी फत्तेपूर सिक्रीला अकबर बादशहाच्या दरबारी पोहोचले, तेव्हा त्यांनी अँटवर्पच्या प्लान्ताँ छापखान्यातील बहुभाषी बायबलचे खंड नजर केले. त्यांतील चित्रे मोगल चित्रकारांनी अभ्यासिली. पुढे इ. स. १६१२ मध्ये गोव्याहून जहांगीर बादशहासाठी टर्की हा अमेरिकेतील पक्षी नेण्यात आला आणि उस्ताद मन्सूर याने त्याचे चित्र काढले. मन्सूर आणि हूफनागल यांची भेट होणे शक्यच नव्हते. पण पिसान्‌पिसाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी शेजारी ठेवून पाहावी अशी आहे.

फ्रँकफुर्टही फार काळ लाभले नाही. इ. स. १५९४ च्या सुमारास तेथील ल्युथरपंथी नगरसभेने कॅल्विनपंथी निर्वासितांवर निर्बंध आणले आणि वातावरण बिघडले. हूफनागलचे अखेरचे मुक्काम व्हिएन्नात झाले. आश्रयदाते होते सम्राट दुसरे रुडॉल्फ. त्यांना माणसाच्या पंथापेक्षा त्याच्या हातातील विद्येत अधिक रस होता. 'चार महाभूते' त्यांनीच घेतला आणि फान मांडरच्या म्हणण्याप्रमाणे त्यासाठी एक हजार सुवर्णमुद्रा दिल्या. सम्राटांनी त्याच्यापुढे आणखी एक विलक्षण काम ठेवले. गेओर्ग बोच्काय नावाच्या लेखनिकाने इ. स. १५६१-६२ मध्ये रुडॉल्फ यांच्या आजोबांसाठी सुलेखनाचा एक नमुनाग्रंथ लिहिला होता. बोच्काय केव्हाच वारला होता. तीस वर्षांनंतर हूफनागलने त्याच्या अक्षरांभोवती फुले, फळे आणि कीटक रंगविले. एका पानावर फुलाचा देठ चर्मपत्रातील चिरेतून आत गेल्यासारखा दिसतो आणि पान उलटले की मागच्या बाजूस तोच देठ पलीकडून दिसतो. अक्षर श्रेष्ठ की चित्र, असा हा एका हयात आणि एका दिवंगत कलावंताचा मूक सामनाच होता.

फान मांडर सांगतो की हूफनागल वेळ कधी दवडीत नसे आणि भल्या पहाटे उठून लॅटिन कविता रची. आपल्या चित्रांवर तो पुष्कळदा एक खिळा काढी. त्याच्या आडनावाचा अर्थच मुळी घोड्याच्या नालाचा खिळा असा होतो. इ. स. १६०० च्या सुमारास व्हिएन्नात त्याचे निधन झाले.

मुलगा याकोब इ. स. १६०२ मध्ये सम्राट रुडॉल्फ यांचा दरबारी चित्रकार झाला. सम्राटांच्या संग्रहातील प्राण्यांची चर्मपत्रावर रंगविलेली एक चित्रावली व्हिएन्नात आहे. त्यातील डोडोचे चित्र याकोबने काढले असे मानले जाते. मॉरिशस बेटावरील हा न उडणारा पक्षी डच खलाशांनी इ. स. १५९८ मध्ये पाहिला आणि शतक संपण्यापूर्वीच तो पृथ्वीवरून नाहीसा झाला. वडिलांचे 'चार महाभूते' आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. इ. स. १९८७ मध्ये ते त्या संस्थेला भेट मिळाले. बोच्कायचा सुलेखनग्रंथ लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. दोन्ही ग्रंथांची पाने आता संगणकावरही पाहावयास मिळतात, आणि चित्र मोठे करीत गेले तरी पिसाची कड अस्पष्ट होत नाही.